शहापूर-मुरबाडमध्ये लेखन-अध्यापन आणि संपादनाचा व्यवसाय

महाविद्यालयात लेखन शिकवणे आणि इतरांचे लेखन संपादित करणे ही दोन कामे वेगळी दिसतात, पण दोन्हींच्या मुळाशी एकच कसब आहे: दुसऱ्याने लिहिलेले लक्षपूर्वक वाचणे आणि ते कुठे अडते हे त्याला समजेल असे सांगणे. अमेरिकेतील विद्यापीठांत लेखन हा एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीपासून पहिल्या वर्षाचा स्वतंत्र विषय आहे आणि तो शिकवणाऱ्यांची वेगळी पदे असतात. महाराष्ट्रात तसे पद सहसा नसते. येथे लेखन शिकवणारी व्यक्ती मराठीची किंवा इंग्रजीची प्राध्यापक असते आणि संपादन करणारी व्यक्ती बहुधा प्रकाशकाकडून, संस्थेकडून किंवा संशोधकाकडून सुटे काम घेते. त्यामुळे ठाणे जिल्ह्याच्या ग्रामीण भागात या क्षेत्रात उतरणाऱ्याला तयार नोकरी शोधून भागत नाही. त्याला दोन-तीन तुकड्यांचा व्यवसाय जोडून घ्यावा लागतो.

हा व्यवसाय कसा जुळतो, हे यास्मिन शेख यांच्या कामातून दिसते. १९२५ मध्ये जन्मलेल्या शेख यांनी मुंबईच्या एसआयईएस महाविद्यालयात दीर्घकाळ मराठी शिकवले, ‘मराठी लेखन मार्गदर्शिका’ आणि ‘मराठी शब्दलेखनकोश’ ही पुस्तके तयार केली आणि ‘अंतर्नाद’ मासिकासाठी व्याकरण-सल्लागार म्हणून काम केले. दुसरे उदाहरण ठाण्याचे आहे. अरुण फडके यांनी शुद्धलेखनाच्या कार्यशाळा घेतल्या आणि ‘मराठी लेखन-कोश’ सिद्ध केला. ठाण्याच्या अंकुर प्रकाशनाने काढलेला हा कोश आजही मुद्रितशोधकांच्या टेबलावर असतो. शेख यांनी वर्गातून सुरुवात केली, तर फडके यांनी वर्गाबाहेरून. दोघांच्याही कामात शिकवणे आणि तपासणे एकमेकांना पूरक ठरले.

भूमी आणि तिची गरज

२०१४ मध्ये पालघर जिल्हा वेगळा झाल्यावर ठाणे जिल्ह्याचा ग्रामीण, डोंगराळ भाग मुख्यतः शहापूर आणि मुरबाड या तालुक्यांत उरला. शहापूर तालुका पूर्णपणे अनुसूचित क्षेत्रात येतो, तर मुरबाडमधील काही गावे येतात. येथील वर्गांत कुणबी, आगरी, ठाकूर, कातकरी, वारली, महादेव कोळी अशा घरांतून आलेली मुले-मुली शेजारी बसतात. त्यांच्यातील अनेकांची घरची बोली पाठ्यपुस्तकातल्या मराठीपेक्षा वेगळी असते. इंग्रजी ही बहुतेकांची तिसरी भाषा ठरते.

महाविद्यालये मुंबई विद्यापीठाला संलग्न आहेत. शहापूरचे सोनुभाऊ बसवंत कला व वाणिज्य महाविद्यालय आणि मुरबाड तालुक्यातील शिवळे येथील शांतारामभाऊ घोलप महाविद्यालय ही त्यांतील ठळक नावे. आसनगाव, आटगाव, खर्डी, कसारा ही स्थानके लोकलने कल्याणशी जोडलेली असल्यामुळे शहापूरकराला कल्याण-ठाण्याच्या महाविद्यालयांतही तासिका घेता येतात. मुरबाडला रेल्वे नाही. तेथून कल्याण गाठायचे तर एसटी किंवा खासगी वाहन लागते. व्यवसायाचा आराखडा आखताना या प्रवासाचा हिशेब आधी करावा, कारण तासिकेच्या मानधनातून गाडीभाडे आणि जाण्या-येण्याचा वेळ वजा केल्यावर खरी कमाई कळते.

लेखनाची गरज महाविद्यालयाबाहेरही मोठी आहे. ग्रामसभेचे ठराव, वनहक्काचे दावे, बचत गटांचे अहवाल, सामाजिक संस्थांचे प्रकल्प-प्रस्ताव, शाळांच्या स्मरणिका, स्थानिक इतिहासाची छोटी पुस्तके हे सारे कोणीतरी लिहिते आणि ते तपासायला सहसा कोणी नसते.

पात्रतेची वाट

महाविद्यालयात सहायक प्राध्यापक होण्यासाठी संबंधित विषयातील पदव्युत्तर पदवी किमान ५५ टक्के गुणांनी आणि त्यासोबत नेट किंवा सेट उत्तीर्ण असणे ही मूळ अट आहे. अनुसूचित जाती-जमाती, इतर मागासवर्ग (नॉन-क्रीमीलेयर) आणि दिव्यांग उमेदवारांना गुणांत पाच टक्क्यांची सवलत मिळते. थेट भरतीसाठी पीएच.डी. सक्तीची करण्याचा निर्णय काही काळ चर्चेत होता. २०२३ च्या दुरुस्तीनंतर नेट, सेट किंवा स्लेट हीच किमान अट राहिली. राष्ट्रीय पातळीवरची नेट परीक्षा वर्षातून दोनदा होते. महाराष्ट्र आणि गोव्यासाठीची सेट सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठ घेते. दोन्हींत पहिला पेपर अध्यापन आणि संशोधन-क्षमतेचा ५० प्रश्नांचा, तर दुसरा विषयाचा १०० प्रश्नांचा असतो. पहिल्या पेपरकडे दुर्लक्ष करून केवळ विषयाचा अभ्यास करणारे अनेक उमेदवार तिथेच अडतात.

ज्यांना कल्याण-मुंबईला जाऊन नियमित एम.ए. करणे जमत नाही, त्यांना मुंबई विद्यापीठाचे दूरस्थ शिक्षण किंवा नाशिकचे यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठ हे पर्याय आहेत. अकरावी-बारावीला शिकवायचे तर एम.ए.सोबत बी.एड. लागते. ते हाती असल्यास एक दार अधिक उघडे राहते.

कायम नेमणूक झाल्यास सातव्या वेतन आयोगानुसार सहायक प्राध्यापकाचे मूळ वेतन ५७,७०० रुपयांपासून सुरू होते. प्रत्यक्षात बहुतेकांची सुरुवात मात्र तासिका तत्त्वावर होते. त्यात घेतलेल्या तासिकांचेच मानधन मिळते, सुट्टीचे काही नाही, आणि पैसे हातात यायला अनेकदा उशीर होतो. म्हणूनच संपादनाच्या कामाकडे केवळ हौस म्हणून न पाहता त्याला उत्पन्नाचा दुसरा पाय मानणे व्यवहार्य ठरते.

वर्गात लेखन शिकवणे

राष्ट्रीय शैक्षणिक धोरणानुसार राज्यातील संलग्न महाविद्यालयांत २०२४-२५ पासून नवी रचना लागू झाली. तीत भाषिक क्षमता आणि कौशल्यांचे छोटे अभ्यासक्रम आहेत. दोन श्रेयांकांचा अभ्यासक्रम म्हणजे साधारण तीस तासिका. या तीस तासिका म्हणजे लेखन शिकवण्याची खरी संधी असते. अनेक ठिकाणी त्या अर्जाचे नमुने आणि निबंधाचे मुद्दे उतरवून देण्यात संपतात. मग विद्यार्थी पाठ केलेला नमुना परीक्षेत लिहितो, पण तहसील कार्यालयात जातीच्या दाखल्यासाठी अर्ज लिहायची वेळ आली की दारात बसलेल्या अर्जनविसाकडे जातो.

तीस तासिकांची चांगली मांडणी चार टप्प्यांत होते. पहिल्या टप्प्यात विद्यार्थी स्वतःला माहीत असलेल्या कामाचे वर्णन लिहितात. दुसऱ्यात तेच लेखन एकमेकांचे वाचून प्रश्न विचारतात. तिसऱ्यात अर्ज, इतिवृत्त, बातमी, अहवाल अशा व्यावहारिक लेखनाकडे वळतात. चौथ्यात एक मोठा मजकूर दोन खर्ड्यांतून पूर्ण करतात. पहिल्या खर्ड्याला गुण देऊ नयेत. गुण मिळाले की विद्यार्थ्याच्या लेखी तो मजकूर संपतो आणि दुसरा खर्डा केवळ सोपस्कार होतो.

पहिल्या टप्प्याचे उदाहरण पाहता येईल. भातशेतीवर लिहिताना एखादा विद्यार्थी असे काहीतरी लिहितो: ‘आमच्या कडे पावसाळ्या आधी राब भाजतात त्याच्यावर भात पेरतात मग रोपं झाल्यावर आवणी करतात ही कामे लोक एकत्र येऊन करतात.’ घाईतला शिक्षक येथे ‘राब’ आणि ‘आवणी’ या शब्दांखाली रेघ ओढतो आणि ‘प्रमाण शब्द वापरा’ असे लिहितो. ही चूक आहे. ‘राब’ म्हणजे पालापाचोळा, शेण, फांद्या पसरून पेटवून तयार केलेली रोपवाटिकेची जागा. तिला प्रमाण मराठीत एकशब्दी पर्याय नाही. ‘आवणी’ म्हणजे रोपांची लावणी, आणि हा शब्द येथे सर्वांना कळतो. शहरी वाचकासाठी लिहायचे असेल तर शब्द काढू नये, त्याचा अर्थ एका वाक्यात द्यावा.

सुधारायच्या गोष्टी वेगळ्या आहेत. शब्दयोगी अव्यय मागच्या शब्दाला जोडून लिहायचे असते, म्हणून ‘आमच्याकडे’ आणि ‘पावसाळ्याआधी’. ‘रोपं’ आणि ‘कामे’ अशी बोलण्यातली आणि लेखी रूपे एकाच वाक्यात मिसळली आहेत. औपचारिक लेखनात ‘रोपे’ हे रूप हवे, संवादात ‘रोपं’ चालते. शेवटी एका वाक्यात चार वाक्ये कोंबली आहेत. ती तोडली की क्रम आपोआप स्पष्ट होतो. आणि सर्वांत महत्त्वाचा प्रश्न असा: लोक एकत्र येतात म्हणजे नेमके काय करतात? आज माझ्या शेतावर, उद्या तुझ्या, असा हिशेब असतो का? या प्रश्नाचे उत्तर विद्यार्थ्याला माहीत असते आणि शिक्षकाला नसते. लेखन शिकवण्याची खरी सुरुवात येथून होते.

ऐंशी वह्या तपासताना प्रत्येक चूक लाल करणे शक्य नसते आणि उपयोगाचेही नसते. एका वहीत एकाच प्रकारच्या दोन चुका दाखवाव्यात, आशयाबद्दल एक प्रश्न लिहावा आणि पुढे जावे. ऱ्हस्व-दीर्घाचे नियम वर्गात एकत्र शिकवावेत. येथील विद्यार्थ्याला सातबारा आणि जमीन हे शब्द रोजचे आहेत. ‘जमीन’मधला ‘मी’ दीर्घ, पण ‘जमिनीचा’ म्हणताना ‘मि’ ऱ्हस्व होतो. तसेच ‘गरीब’ आणि ‘गरिबाला’, ‘फूल’ आणि ‘फुलाला’. संस्कृतातून जसेच्या तसे आलेले शब्द याला अपवाद आहेत: ‘परीक्षा’, ‘परीक्षेला’. असे पाच-सहा नियम पक्के झाले की बहुतांश चुका कमी होतात.

संपादकाची साधने

मराठी लेखनाचे नियम कोणाच्या मर्जीवर नाहीत. मराठी साहित्य महामंडळाने केलेले १४ नियम राज्य शासनाने १९६२ मध्ये स्वीकारले आणि १९७२ मध्ये त्यांत ४ नियमांची भर पडली. हे १८ नियम संपादकाला तोंडपाठ असावेत. वर्णमाला आणि जोडाक्षरांच्या लेखनाबाबत शासनाने २००९ मध्ये आदेश काढला आणि २०२२ मध्ये तो सुधारला. मो. रा. वाळंबे यांचे ‘सुगम मराठी व्याकरण व लेखन’, फडके यांचा लेखन-कोश आणि शेख यांचा शब्दलेखनकोश एवढी पुस्तके जवळ ठेवली तर रोजच्या बहुतेक शंका मिटतात. शासकीय मजकुरासाठी भाषा संचालनालयाचे परिभाषा कोश उपयोगी आहेत. वाचण्यासाठी मराठी अभ्यास परिषदेचे ‘भाषा आणि जीवन’ हे नियतकालिक चांगले. कोश विकत घेणे लगेच शक्य नसल्यास कल्याणचे १८६४ मधील सार्वजनिक वाचनालय आणि ठाण्याचे १८९३ मधील मराठी ग्रंथसंग्रहालय लोकलच्या अंतरावर आहेत.

संपादनाचे काम तीन पातळ्यांवर चालते आणि काम घेतानाच पातळी ठरवून घ्यावी. पहिली पातळी आशयाची: मुद्दे क्रमाने आहेत का, काही राहिले आहे का, कुठे पुनरुक्ती आहे. दुसरी भाषेची: वाक्यरचना, शब्दांची निवड, सर्व मजकुरात एकसारखे लेखन. तिसरी मुद्रितशोधनाची: टंकलेखनातल्या चुका, सुटलेले शब्द, पानक्रमांक, मथळे. लेखक सहसा ‘जरा प्रुफं बघा’ म्हणतो आणि त्याला तिन्ही पातळ्या हव्या असतात. हे आधी स्पष्ट न केल्यास काम तिप्पट होते आणि मोबदला तेवढाच राहतो.

मराठीत एक विशेष अडचण फाँटची आहे. श्रीलिपीसारख्या जुन्या फाँटमधला मजकूर युनिकोडमध्ये नेताना जोडाक्षरे मोडतात आणि रफार जागा सोडतो. माळशेज घाटावरच्या लेखात ‘दऱ्या’ हा शब्द रूपांतरानंतर ‘दर्या’ झाला, तर डोंगरात समुद्र येतो. ‘आचाऱ्यांना’ जेवणाची सुपारी दिली होती, असे वाक्य ‘आचार्यांना’ झाले की वेगळेच प्रकरण होते. शब्दतपासणीच्या यंत्राला यात चूक दिसत नाही, कारण दोन्ही शब्द बरोबर आहेत. म्हणून रूपांतरित मजकूर मूळ प्रतीशी ओळीला ओळ लावूनच वाचावा.

आशयाच्या पातळीवरचे काम एका नमुन्यातून समजते. समजा, एखाद्या संस्थेच्या अहवालात वाक्य आहे: ‘सदर पाड्यांमध्ये उन्हाळ्यात पाणीटंचाई मोठ्या प्रमाणात जाणवत असल्याचे दिसून येते.’ व्याकरण ठीक आहे, पण वाक्यात माहिती नाही. तानसा आणि भातसा ही मुंबईला पाणी पुरवणारी धरणे शहापूर तालुक्यातच असताना तेथील पाड्यांवर टँकर येतात, हे येथे सर्वांना माहीत आहे. वाचकाला हवे ते पुढचे: कोणते पाडे, कोणत्या महिन्यापासून, टँकर दिवसाआड की आठवड्याने, विहीर किती लांब. संपादकाने ही माहिती स्वतःच्या मनाने भरू नये. समासात चार प्रश्न लिहून प्रत परत पाठवावी. मिळालेल्या उत्तरांवरून मूळ लेखकानेच वाक्य लिहावे. श्री. पु. भागवत आणि राम पटवर्धन यांच्या ‘सत्यकथा’ मासिकाने मराठी साहित्यात संपादनाचा जो मान निर्माण केला, त्यामागेही लेखकाशी चालणारा असा पत्रव्यवहारच होता.

प्रबंध-संपादन आणि मर्यादा

महाविद्यालयाच्या जवळ राहणाऱ्या संपादकाकडे पीएच.डी.चे प्रबंध आणि शोधनिबंध येतातच. येथे एक रेषा पाळावी लागते. भाषा सुधारणे, संदर्भांची पद्धत एकसारखी करणे, अस्पष्ट वाक्य दाखवणे हे संपादन. प्रकरण लिहून देणे, दुसऱ्याचा मजकूर शब्द बदलून ‘नवा’ करणे ही फसवणूक. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०१८ च्या नियमांनुसार प्रबंधातील साम्य दहा टक्क्यांपुढे गेल्यास कारवाई सुरू होते आणि साठ टक्क्यांपुढे नोंदणी रद्द होऊ शकते. ‘साम्याची टक्केवारी कमी करून द्या’ अशी मागणी आली, तर उद्धरणे अवतरणचिन्हांत घालून स्रोत लिहिण्याचा मार्ग दाखवावा आणि बाकी काम नाकारावे. यंत्राने लिहिलेल्या मजकुरालाही हेच लागू आहे. गावात नाव एकदा गेले की पुढची दहा वर्षे परत येत नाही.

जो शिक्षक त्याच विद्यार्थ्याचा परीक्षक किंवा मार्गदर्शक आहे, त्याने त्याच्याकडून संपादनाचे पैसे घेऊ नयेत. आपल्या महाविद्यालयातल्या विद्यार्थ्यांना मोफत मदत आणि बाहेरच्यांना व्यावसायिक दर, ही विभागणी सोपी आणि स्वच्छ आहे.

दर आणि वर्षाचे गणित

दर पानावर, शब्दांवर किंवा छापील फॉर्मवर, म्हणजे एकत्र छापल्या जाणाऱ्या पानांच्या संचावर, ठरतात. पान म्हणजे किती शब्द, हे आधीच लिहून घ्यावे. हाताने लिहिलेले पान, टंकलेखन केलेले पान आणि छापील पान यांत मोठा फरक असतो. २५० ते ३०० शब्दांचे एक पान धरणे सोयीचे. दर काढण्याची खात्रीची रीत म्हणजे स्वतःचा वेग मोजणे. दहा पानांचे भाषा-संपादन करून किती वेळ लागला ते लिहावे. समजा, अडीच तास लागले, तर तासाला चार पाने. आपल्याला तासाला किती मिळायला हवे ते ठरवून त्याला चाराने भागले की पानाचा दर मिळतो. प्रवास, छपाई आणि दुसऱ्या वाचनाचा वेळ त्यात धरावा. मोठ्या कामात एक तृतीयांश रक्कम आधी घ्यावी.

वर्षातही चढउतार असतात. जूनमध्ये महाविद्यालये सुरू होतात, पण जुलैत आवणीच्या दिवसांत अनेक विद्यार्थी शेतावर असतात आणि वर्ग विरळ होतात. त्याच सुमारास दिवाळी अंकांचे लेख यायला लागतात. मराठीत ही परंपरा ‘मनोरंजन’ मासिकाच्या १९०९ च्या दिवाळी अंकापासून चालत आली आहे आणि ऑगस्ट-सप्टेंबर हे मुद्रितशोधकाचे सर्वांत धावपळीचे महिने आहेत. दिवाळीनंतर दुसरे सत्र, मार्च-एप्रिलमध्ये परीक्षा आणि पेपर तपासणी. मे महिन्यात तासिका नसतात, म्हणून पुस्तक किंवा प्रबंधासारखे सलग काम त्या महिन्यासाठी राखून ठेवावे.

पहिली तीन वर्षे

पहिल्या वर्षी एम.ए. पूर्ण करणे किंवा नेट-सेटची तयारी करणे, आठवड्यातून एक मजकूर पूर्णपणे संपादित करणे आणि १८ नियमांची वही तयार करणे, एवढे पुरे. मजकूर कुठूनही घ्यावा: शाळेची स्मरणिका, ग्रामपंचायतीची सूचना, एखाद्या ओळखीच्या संस्थेचा अहवाल. मूळ प्रत आणि सुधारलेली प्रत दोन्ही जपून ठेवाव्यात. त्याच पुढे कामाचा नमुना म्हणून दाखवता येतात, मात्र लेखकाची परवानगी घेऊनच.

दुसऱ्या वर्षी तासिका मिळवणे आणि महाविद्यालयात छोटी लेखन-खोली सुरू करणे हाती घ्यावे. ग्रंथालयातले एक टेबल आणि आठवड्यातले ठरलेले दोन तास यासाठी पुरेसे आहेत. विद्यार्थी आपला अर्ज किंवा खर्डा घेऊन येतो, शिक्षक त्याच्यासमोर तो वाचतो, एक प्रश्न विचारतो आणि विद्यार्थी तिथेच सुधारतो. पेन विद्यार्थ्याच्या हातातच राहिले पाहिजे.

तिसऱ्या वर्षी स्वतःचे क्षेत्र निवडावे. कोणी प्रबंध-संपादनात स्थिरावतो, कोणी इंग्रजी-मराठी अनुवादात, कोणी राज्यसेवा परीक्षेतील वर्णनात्मक उत्तरांच्या तयारीत. शहापूर-मुरबाडमध्ये आणखी एक क्षेत्र मोकळे आहे: ठाकरी, कातकरी, वारली आणि आगरी बोलींतील कथा, गाणी, शेतीचे शब्द यांचे लेखन. हे काम बोलणाऱ्यांच्या संमतीने, त्यांच्या नावाने आणि त्यांच्या उच्चाराला धरून करायचे असते. देवनागरीत तो उच्चार कसा लिहायचा, कुठे प्रमाण रूप घ्यायचे आणि कुठे नाही, याचे पत्रक आधी तयार करून बोलणाऱ्यांना वाचून दाखवावे लागते. लेखन शिकवलेल्या आणि संपादन केलेल्या व्यक्तीकडे या कामाची दोन्ही अंगे असतात, आणि तिच्या वर्गातूनच त्या बोली बोलणारे सहकारी मिळू शकतात.